विकत घेतलेल्या यंत्राची मुखत्यारी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा विनामूल्य आधार काढून घेतला, आणि ज्यांच्या अंगी आणखी काही वर्षे चाकरी करण्याचे सामर्थ्य होते, ज्यांचा एकही भाग झिजलेला नव्हता, असे असंख्य संगणक एका फर्मानासरशी निवृत्तांच्या यादीत जमा झाले. अशा संगणकाच्या धन्याने लिनक्सचा आश्रय करावा, असा सल्ला त्यानंतर पुष्कळांनी दिला आणि तो योग्यच आहे. परंतु देणाऱ्यांनी एक गोष्ट बहुधा सांगितली नाही. लिनक्स घातल्यावर कळफलक चालतो, आवाज उमटतो, इंटरनेटही बहुधा जुळते. पण पडद्यावरचे चित्र सुरळीत हलेल की अडखळत, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा उजळेल की काळाच राहील, याचा निकाल त्या यंत्रातील ग्राफिक्स चिपच्या निर्मात्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपली कागदपत्रे खुली केली होती की दडवून ठेवली होती, यावर अवलंबून असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या उपकरणाचा ड्रायव्हर आपल्या सोर्स कोडसह लोकांच्या हाती आलेला नाही, ते उपकरण ग्राहकाने पूर्ण दाम मोजूनही अर्धेच विकत घेतलेले असते. आणि खाजगी ग्राहकाने आपल्या पैशाचे काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नसला, तरी सार्वजनिक तिजोरीतून असा अर्धवट व्यवहार होता कामा नये.

ज्यांचा या विषयाशी नित्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा विस्तार करणे प्राप्त आहे. कर्नेल म्हणजे संगणकाच्या संचालन प्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाच्या वाट्याला किती यावा आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या घरात शिरू नये, हा सारा बंदोबस्त त्याच्याकडे असतो. ग्राफिक्स चिप ही या बंदोबस्ताला जोडलेली साधी वस्तू नव्हे. ती स्वतःच एक संपूर्ण संगणक आहे. तिची आज्ञावली वेगळी, तिची मेमरी बहुधा वेगळी, तिच्यात एकाच वेळी शेकडो-हजारो गणिते करणारे घटक, आणि त्या घटकांवर देखरेख करणारे आणखी लहान प्रोसेसर तिच्याच पोटात. दोन दरबारांच्या मध्ये बसलेल्या दुभाष्याचे जे स्थान, तेच या दोहोंमध्ये ड्रायव्हरचे असते. दोन्ही भाषा त्याला येतात, आणि तो काय बोलला हे तपासण्याचे साधन दोन्ही पक्षांपैकी कोणाकडेच नसते.

लिनक्समध्ये या दुभाष्याचे दोन भाग आहेत. एक भाग कर्नेलच्या आत राहतो. 'डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर' अथवा संक्षेपाने डीआरएम असे त्या विभागाचे नाव. चिपच्या मेमरीचे वाटप करणे, आज्ञांची रांग लावणे, एक काम पुरे झाल्याची खूण मिळाल्याखेरीज त्यावर विसंबलेले दुसरे काम सुरू न होऊ देणे आणि पडद्याचे आकारमान ठरवणे, ही त्याची कामे. दुसरा भाग कर्नेलच्या बाहेर असतो आणि खेळ, नकाशे, चित्रपट यांनी सर्वसामान्य परिभाषेत केलेल्या मागण्यांचे त्या विशिष्ट चिपच्या आज्ञांत रूपांतर करतो. या भागाचे मुक्तस्रोत भांडार म्हणजे 'मेसा', ज्याचा आरंभ ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केला. हे काम किती अवाढव्य आहे याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की, एएमडीच्या चिपांसाठी असलेला 'एएमडीजीपीयू' हा एकटा ड्रायव्हर ५० लाखांहून अधिक ओळींचा असून लिनक्स कर्नेलमध्ये त्याहून मोठा ड्रायव्हर दुसरा नाही. (त्यातील बहुतेक ओळी यंत्राने निर्माण केलेल्या रजिस्टरांच्या, म्हणजे चिपच्या आतील नियंत्रण-खणांच्या, याद्या आहेत हे खरे; पण त्या याद्या हाच तर मूळ दस्तऐवज!)

या धंद्यात तीन मोठी घराणी, आणि तिघांचे शिरस्ते निरनिराळे. इंटेलने आपल्या चिपांचे लिनक्स ड्रायव्हर पगारी माणसांकडून उघडपणे लिहवून घेतले. मेमरीच्या व्यवस्थेची 'जेम' ही पद्धत २००८ मध्ये इंटेलच्याच कीथ पॅकार्ड व एरिक अँहोल्ट यांच्या हातून कर्नेलमध्ये आली. एटीआय ही कंपनी विकत घेतल्यावर एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या चिपांची तांत्रिक कागदपत्रे गुप्ततेच्या कबुलायतीवाचून प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले आणि तो शब्द बव्हंशी पाळला. तिसरे घराणे एनव्हिडियाचे. त्यांनी लिनक्सकडे दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा ड्रायव्हर होता आणि वेगाच्या दृष्टीने उत्तम होता. पण त्याचा सोर्स कोड मिळत नसे. 'एनव्ही' नावाचा एक लहानसा ड्रायव्हर त्यांनी उघड केला होता खरा, परंतु त्यातील रजिस्टरांची नावे पुसून केवळ अंक ठेवलेले होते, म्हणजे वाचण्याची परवानगी होती, समजण्याची नव्हती.

या अंकांच्या अरण्यातून वाट काढण्याचा उद्योग स्तेफान मार्शेसँ या प्रोग्रामरने २००५-०६ च्या सुमारास आरंभला. तोच 'नूव्हो' हा प्रकल्प. त्याची पद्धत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. प्रोसेसरला ग्राफिक्स चिपशी बोलायचे असते तेव्हा तो मेमरीतील काही ठराविक पत्त्यांवर अंक लिहितो आणि ते अंक थेट चिपच्या रजिस्टरांत जाऊन पडतात. नूव्होच्या मंडळींनी वापरलेले, आणि २००८ मध्ये कर्नेलमध्ये समाविष्ट झालेले 'एमएमआयओट्रेस' हे साधन असे करते की, ते पत्ते जणू अस्तित्वातच नाहीत अशी खोटी नोंद ते कर्नेलच्या वहीत करून ठेवते. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर त्यांपैकी एखाद्या पत्त्यावर लिहू लागला की प्रोसेसर अडतो, तक्रार कर्नेलकडे जाते, कर्नेल कोणत्या पत्त्यावर कोणता अंक लिहिला जात होता हे टिपून घेतो, तेवढीच एक आज्ञा पार पडू देतो आणि पुन्हा तो पत्ता नाहीसा करतो. ड्रायव्हरला यातले काही उमगत नाही. चिपला तर नाहीच. याप्रमाणे जमलेल्या नोंदींच्या ढिगाऱ्यातून, पडद्याचा आकार बदलला असता कोणता अंक बदलला, दुसरा पडदा जोडला असता कोणती नवी ओळ आली, असे एकेक अनुमान पडताळीत त्या मंडळींनी चिपच्या वर्तनाचे व्याकरण सिद्ध केले, आणि २०१० च्या आरंभी नूव्हो मूळ कर्नेलमध्ये दाखल झाला. ज्या माहितीचे टिपण निर्मात्याच्या कपाटात पडलेले होते, ती मिळवण्यासाठी बुद्धिमान माणसांनी वर्षानुवर्षे खपावे हे पराक्रमाचे खरे. पण ते अपव्ययाचेही आहे, आणि पराक्रमाच्या कौतुकात आपण अपव्यय विसरतो.

२०१२ च्या जून महिन्यात फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून जो हस्तसंकेत केला, त्याचे वर्णन या स्तंभात करता येण्याजोगे नाही. तो प्रसंग फार गाजला. मला मात्र त्यापेक्षा पुढे दोन वर्षांनी घडलेली आणि कोणी फारशी न गाजवलेली घटना अधिक गंभीर वाटते. २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या 'मॅक्सवेल' चिपांपासून एनव्हिडियाने असा बंदोबस्त केला की, चिपच्या आतील लहान प्रोसेसरांवर चालणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, त्यांच्या सांकेतिक सहीचा असेल तरच चिप त्याला महत्त्वाचे अधिकार देईल. चिपचा वेग वाढवणे हा त्यांपैकीच एक अधिकार. येथे बुद्धिमत्तेचे काही चालत नाही. नोंदी कितीही टिपल्या तरी सही करता येत नाही. परिणामी नूव्हो त्या चिपांवर चालतो खरा, परंतु संगणक सुरू होताना चिपचा जो मंद वेग असतो त्याच वेगाने.

या गोष्टीचा शेवट काय झाला हे पाहण्यासाठी 'जीटीएक्स १०६०' या २०१६ च्या कार्डाचा दाखला घ्यावा. खेळणाऱ्यांमध्ये हे कार्ड अनेक वर्षे जगातील सर्वाधिक प्रचलित कार्डांपैकी एक होते. एनव्हिडियाच्या ५८० या मालिकेनंतरच्या ड्रायव्हरांत त्याला स्थान उरलेले नाही. आणि मुक्तस्रोत ड्रायव्हर त्याला पूर्ण वेगाने चालवू शकत नाही, कारण सही नाही. याच्या शेजारी २००२ मध्ये विक्रीस आलेले एटीआयचे 'रेडिऑन ९७००' ठेवून पाहावे. त्याच्या पिढीसाठी स्वयंसेवकांनी जुळवलेला 'आर ३००' हा ड्रायव्हर मेसामध्ये अद्याप नांदतो आहे, आणि कोणी हौशी मनुष्य आजही त्यात सुधारणा पाठवतो व त्या स्वीकारल्या जातात. चौदा वर्षांनी धाकटे असलेले यंत्र अनाथ, आणि थोरले सनाथ. दोहोंच्या सिलिकॉनमध्ये यासंबंधी काही लिहिलेले नाही. भेद आहे तो कागदपत्रांचा आणि परवान्याचा.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला आणि वृत्तपत्रांनी त्याचे हृदयपरिवर्तन म्हणून स्वागत केले. हृदयाशी याचा संबंध कमीच होता. २०१८ च्या 'ट्युरिंग' पिढीपासून त्यांच्या चिपांत 'जीएसपी' नावाचा एक स्वतंत्र प्रोसेसर आहे. पूर्वी जी गुपिते ड्रायव्हरमध्ये होती त्यांपैकी पुष्कळशी त्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये हलवली गेली, आणि मग रिकामे झालेले दालन लोकांस पाहण्यासाठी उघडण्यात आले. तथापि ते नाकारावे असे मी म्हणणार नाही. त्याच फर्मवेअरचा उपयोग करून नूव्होला आता ट्युरिंग व त्यापुढील चिपा पूर्ण वेगाने चालवता येतात. मेसामध्ये व्हल्कन या चित्रणाच्या परिभाषेसाठी 'एनव्हीके' हा नवा ड्रायव्हर उभा राहिला. आणि रस्ट या भाषेत 'नोव्हा' नावाचा कर्नेल ड्रायव्हर आकार घेत आहे. अर्धी सनद हाती आली तर ती टाकून देऊ नये. मात्र ती पूर्ण आहे असेही समजू नये.

ड्रायव्हर लिहिणे कठीण, पण त्यातील दोष शोधणे त्याहून कठीण, आणि सोर्स कोड उघडा असण्याचे खरे मोल तेथेच कळते. अन्य प्रोग्राम बिघडला तर तो पडद्यावर आपली कैफियत मांडतो. येथे पडदाच बिघडलेला असतो. कैफियत मांडण्याचे साधन आणि आरोपी एकच! म्हणून या क्षेत्रातली माणसे बिघडलेल्या यंत्राशेजारी दुसरा संगणक ठेवतात आणि नेटवर्कवरून अथवा सीरियल केबलने पहिल्याच्या पोटातील नोंदी वाचतात. (२०२४ च्या अखेरीस कर्नेलमध्ये अशी सोय आली की, सारे कोसळताना अखेरच्या नोंदी एका क्यूआर कोडच्या रूपाने पडद्यावर उमटाव्यात आणि मोबाइलने त्या टिपून घ्याव्यात, ही युक्ती सुचायला इतकी वर्षे लागली याचेच नवल वाटते.) चिप अडकून पडली तर ड्रायव्हर ठराविक मुदत वाट पाहतो, मग ती अडकल्याचे जाहीर करतो, रांगेत कोणती आज्ञा चालू होती आणि रजिस्टरांत काय होते यांचा पंचनामा करून ठेवतो आणि चिप पुन्हा सुरू करतो. पण पंचनामा होतो तेथेच गुन्हा घडलेला असेल असे मुळीच नाही. प्रोसेसर आज्ञा रांगेत टाकून पुढे निघून जातो आणि चिप ती आपल्या सवडीने पार पाडते. मधल्या काळात ती आज्ञा ज्या मेमरीवर विसंबून होती ती कोणीतरी मोकळी करून दुसऱ्याला दिलेली असते. असा दोष हजारात एखाद्या वेळी प्रकट होतो आणि त्याला पकडण्यासाठी नोंद घेणारी एक ओळ घातली, तर तेवढ्या विलंबानेच नाहीसा होतो.

पूर्वी चालत असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली असेल, तर मात्र एक खात्रीचा उपाय आहे. कर्नेलच्या एका आवृत्तीत साधारण १३-१४ हजार बदल असतात. ते मधोमध विभागायचे, मधला कर्नेल बांधून यंत्र सुरू करून पाहायचे, दोष दिसला तर पहिला अर्धा घ्यायचा, न दिसला तर दुसरा. अशा सुमारे चौदा चाचण्यांत नेमका कोणता बदल अपराधी आहे हे कळते. यासाठी चिपचे ज्ञान लागत नाही, चिकाटी लागते. आणि म्हणूनच एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थी, ज्याने ग्राफिक्सचे पुस्तक कधी उघडलेले नाही, तोही आपल्या जुन्या लॅपटॉपवर हा शोध पुरा करून दोषाचे मूळ त्या बदलाच्या लेखकापुढे ठेवू शकतो. बंद ड्रायव्हरचा धनी फिर्याद करू शकतो; त्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते.

दोषांच्या शोधाचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ॲपलने २०२० च्या अखेरीस 'एम १' ही चिप आणली आणि तिच्यावर लिनक्स चालवण्यासाठी 'असाही' हा प्रकल्प निघाला. तिच्या ग्राफिक्स भागाविषयी ॲपलने एक ओळही प्रसिद्ध केलेली नव्हती. ॲलिसा रोझेनझ्वाइग यांनी २०२१ च्या जानेवारीत स्वतःच्या कोडने तिच्यावर पहिला त्रिकोण उमटवला. पण पुढे एक विचित्र दोष राहून गेला. फिरता घन व्यवस्थित दिसे. मात्र अधिक तपशिलाची आकृती काढू गेल्यास चिप तिचा काही भाग काढून थबके आणि दोष नोंदवी. त्रिकोणांची संख्या वाढल्याने असे होते म्हणावे, तर तेवढीच आकृती सोप्या गणिताने काढली असता सुखरूप उमटे. अखेर ध्यानात आले की प्रश्न त्रिकोणांच्या संख्येचा नसून त्यांच्याविषयी साठवाव्या लागणाऱ्या एकूण माहितीचा आहे. या जातीच्या चिपा प्रथम सर्व बिंदूंची माहिती एका राखीव जागेत जमवतात आणि मग पडदा लहान चौकटींत विभागून एकेक चौकट रंगवतात. राखीव जागा भरली तर चिप जमलेले तेवढे काम रंगवून टाकते, जागा मोकळी करते आणि उरलेले पुन्हा हाती घेते. पण असे मध्येच थांबायचे तर अर्धवट रंगलेली चौकट कोठे ठेवायची आणि पुन्हा कशी उचलायची हे सांगणारे छोटे प्रोग्राम ड्रायव्हरने आधीच देऊन ठेवायला हवेत. ते दिल्यावर रंग जुळले. तरीही चित्र विस्कटलेलेच, कारण कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याची नोंद मात्र प्रत्येक थांब्याला हरवत होती. ॲपलच्या स्वतःच्या ड्रायव्हरच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहता पाहता तीही जतन करण्याची खूण सापडली, आणि संगणकचित्रणाच्या जगात परीक्षेसाठी सर्वत्र वापरला जाणारा स्टॅनफर्डचा तो ससा पडद्यावर अखंड उमटला. मे २०२२ मध्ये त्यांनी या शोधाची हकीकत प्रसिद्ध केली. ज्याला तर्कशुद्ध विचाराचा नमुना पाहायचा असेल त्याने ती जरूर वाचावी. पुढे याच चिपांवर त्यांच्या ड्रायव्हरने ओपनजीएल या चित्रणाच्या परिभाषेच्या ४.६ या आवृत्तीची अधिकृत कसोटी पार केली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. ॲपलचा स्वतःचा ओपनजीएल ४.१ वरच थांबलेला होता.

परंतु अशा माणसांच्या जिवावर धोरण उभारता येत नाही. नूव्होचा भार दीर्घकाळ वाहणारे बेन स्केग्ज यांनी २०२३ मध्ये ती जबाबदारी सोडली. असाही प्रकल्पाचे संस्थापक हेक्टर मार्टिन यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या कारणांचा न्याय करण्याचे कारण नाही. इतके थोडे खांदे आणि एवढे ओझे, ही व्यवस्था टिकाऊ नव्हे, एवढे मात्र कोणालाही दिसावे.

कर्नेलच्या व्यवस्थापकांवर कठोरपणाचा आरोप नेहमी होतो आणि त्यांच्या भाषेपुरता तो मलाही मान्य आहे. पण त्यांच्या दोन निर्णयांचे मी समर्थन करीन. २०१६ च्या डिसेंबरात एएमडीने पडद्याच्या व्यवस्थेसाठी लिहिलेला हजारो ओळींचा मसुदा डीआरएमचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी नामंजूर केला, कारण कंपनीने आपल्या सोयीसाठी विंडोज व लिनक्स यांच्या मध्ये एक अंतर्गत थर घातला होता, ज्याची निगा पुढे कर्नेलच्या माणसांना करावी लागली असती. सर्वांत उदार कंपनीलाच नकार देण्याचे हे धैर्य व्यर्थ गेले नाही. सुमारे वर्षभराच्या दुरुस्तीनंतर तोच कोड ४.१५ या आवृत्तीसाठी रुजू झाला. दुसरा निर्णय म्हणजे एक लिखित नियम: कर्नेलमध्ये ग्राफिक्ससाठी नवी सोय हवी असेल, तर ती वापरणारा कर्नेलबाहेरचा भागही मुक्तस्रोत असला पाहिजे. कंपनीने लहानसा उघडा भाग कर्नेलमध्ये ठेवून सारी विद्या बाहेरच्या बंद भागात कोंडावी आणि कर्नेलवाल्यांनी आपल्याला न समजणाऱ्या गोष्टीचा जन्मभर जामीन राहावे, ही पळवाट त्या नियमाने बुजवली. नियम जाचक आहे, पण जाच होतो तो योग्य माणसाला.

कंपन्यांच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. ड्रायव्हरच्या कोडमध्ये त्रयस्थांकडून परवान्याने घेतलेले भाग असतात. प्रतिस्पर्ध्याला पेटंटच्या दाव्यासाठी आयता पुरावा मिळेल ही भीती असते. चित्रपटांच्या मालकांशी नक्कलबंदीचे करार असतात. मात्र इंटेल आणि एएमडी यांच्यापुढेही याच अडचणी होत्या आणि त्यांचा धंदा बुडाला नाही. लहान उद्योगाला हे परवडत नाही म्हणावे, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची हकीकत पाहावी. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रॉडकॉमने त्या संगणकातील ग्राफिक्स भागाची कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्याच वर्षी एरिक अँहोल्ट या एका अनुभवी अभियंत्याला कामावर घेतले, आणि २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ४.४ या कर्नेलमध्ये 'व्हीसी ४' हा ड्रायव्हर दाखल झाला. एका माणसाचा पगार आणि काही पीडीएफ, एवढ्याने ते काम मार्गी लागले.

आता आपल्या घराकडे वळतो. पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक, जो नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता, एनव्हिडियाच्या ए-१०० चिपांवर उभा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'इंडिया एआय' योजनेसाठी १० हजार ३०० कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिपा, उभारण्याची तजवीज आहे. शाळा, न्यायालये, तहसील कचेऱ्या यांच्या संगणकांचा हिशेब वेगळाच. सरकारी कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे केंद्राचे धोरण २०१५ पासून लिखित आहे. परंतु त्याचा रोख सॉफ्टवेअरच्या खरेदीवर आहे, आणि यंत्रासोबत येणारा ड्रायव्हर हा यंत्राचाच भाग समजून सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. निविदेत मेमरी किती, वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्तीचा माणूस किती तासांत आला पाहिजे हे बारकाईने लिहिलेले असते. निर्मात्याने उद्या पाठ फिरवली तर यंत्र कोण चालवणार, याबद्दल त्या कागदावर अक्षर नसते.

मागणी फार मोठी नाही. सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नेलमध्ये व मेसामध्ये समाविष्ट असावा. त्याला लागणाऱ्या फर्मवेअरची प्रत कोणालाही विनामूल्य पुढे देण्याचा परवाना असावा. आणि निर्माता आधार थांबवील त्या दिवशी सहीच्या अटीमुळे इतरांस यंत्र पूर्ण वेगाने चालवणे अशक्य होणार नाही, अशी हमी त्याने लिहून द्यावी. महासंगणकांच्या बाबतीत पहिली अट आज सर्वांना पुरी करता येणार नाही हे मी जाणतो; तेथे ती गुणांकनात धरावी, साध्या संगणकांच्या बाबतीत मात्र सक्तीची करावी, कारण इंटेल आणि एएमडी यांच्या चिपा ती अट आजच पुरी करतात. महाराष्ट्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने पुढील खरेदीच्या मसुद्यात हे कलम घालावे, आणि तो मसुदा ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर मंजुरीसाठी येईल त्याने ते तांत्रिक तपशील म्हणून खोडून टाकू नये, अशी माझी विनंती आहे.